म्युनिकला तू काय खाल्लं नाहीस

शुभा,

इथल्या मराठी मंडळाच्या चौदा बायका जूनमध्ये म्युनिकला निघाल्या आहेत. तिथे कुठे खावं, कुठे प्यावं याची यादी मी करून द्यायची असं त्यांनी परस्पर ठरवलं. फोनवर म्हणाल्या, "तुम्ही दोघी जाऊन आलात ना, तुला सगळं माहीत असेल." दोघी. तुला जाऊन एकोणीस दिवस झाले आणि लोकांच्या तोंडून अजून 'दोघी' सुटत नाही. मी हो म्हटलं. काल दुपारी गेल्या मे महिन्यातली ती वही काढली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. तेव्हापासून मला तुझा राग आलाय.

याला कोणी दुःख म्हणू नये. तुझ्या अंत्यविधीला आलेली एक बाई माझा हात धरून म्हणाली, राग हा शोकाचाच एक भाग असतो. असेल. पण माझ्या रागाला कारण आहे, ते वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, आणि ते मी तुला वाचून दाखवणार आहे. तू मध्ये बोलायची नाहीस.

वही कशी आहे तुला माहीत आहे. तू तिला हसायचीस. बसच्या वेळा बसवणं हे माझं काम, त्यामुळे सुट्टीतही मला दोन ठिकाणांमधलं अंतर मिनिटांत लागतं. नऊ ठिकाणं, चार दिवस. प्रत्येक ठिकाणापुढे काय मागवलं, किती वेळ थांबावं लागलं, शाकाहारी माणसाला काय मिळतं आणि दहापैकी गुण. शिवाय प्रत्येक ठिकाणी दोन रकाने: 'मी' आणि 'शुभा'.

पहिलं ठिकाण, शनिवार सकाळ, दहा चाळीस. पांढरे सॉसेज. बाराच्या आत खायचे असतात, बाराचे टोल पडल्यावर मागितले तर तिथली माणसं तोंडाकडे बघतात, म्हणून मी आपल्याला हॉटेलातून दहा वीसला बाहेर काढलं होतं. मला त्याच्यातलं काही चालणार नव्हतं. मी ब्रेत्झन खाल्ला, तो मोठा, वेटोळ्याचा, वर जाडं मीठ लावलेला पाव. हे सगळं तुझ्यासाठी होतं. गेली पाच वर्षं तू मला ऐकवत होतीस, 'एकदा बव्हेरियात जाऊन सकाळी सकाळी सॉसेज आणि गोड मोहरी खायची, मग मरायला मोकळी.' गरम पाण्याच्या भांड्यात दोन आले. तू एकाची साल काढलीस, नखाएवढे तुकडे केलेस आणि मोहरीत बुडवून चार खाल्लेस. मी वाट बघत होते. दुसऱ्याला तू हातच लावला नाहीस.

"काय झालं? आवडलं नाही?"

"छान आहे गं. विमानातलं सँडविच अजून बसलंय पोटात."

वहीत लिहिलंय: 'शुभा: दीड शिल्लक. (विमान.)' कंसातलं कारणही माझं नाही, तुझं आहे. तू दिलंस, मी लिहून घेतलं. प्रत्येक ठिकाणी तुझ्याकडे एक कारण तयार होतं.

दुसरं ठिकाण, त्याच दिवशी दुपारी, बाजारातली बिअरची बाग. मंडळाच्या यादीत हिला मी दहापैकी दहा दिले आहेत. चेस्टनटच्या झाडांखाली लांबलचक बाकं, आणि नियम असा की बिअर तिथली घ्यायची, खायचं घरून आणलं तरी चालतं. फक्त ज्या टेबलांवर कापड घातलंय तिथे डबा उघडायचा नाही, ती वाढून घेणाऱ्यांची. उघड्या लाकडाची टेबलं आपल्यासारख्यांची. हे मी आधी वाचलं होतं, तुला दोनदा सांगितलंही होतं, आणि तरी तू नेमकी निळ्यापांढऱ्या चौकड्यांच्या कापडावर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडून ठेवलास. वाढणारी बाई आली. तिने कापडावर बोटाने टकटक केलं आणि पलीकडच्या बाकांकडे हात केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू डबा उचललास आणि तिला मराठीत म्हणालीस, "अगं हो, चिडू नकोस बाई, उठतोय आम्ही."

मग ते म्हातारं जोडपं. त्यांच्या बाकावर जागा होती, आपण बसलो. तू त्यांच्यापुढे पुऱ्या आणि लसणाची चटणी सरकवलीस. आजोबांनी एक पुरी खाल्ली, चटणी खाल्ली, लालबुंद झाले, अर्धा ग्लास रिकामा केला आणि पुन्हा चटणी मागितली. त्यांनी आपल्याला मुळा दिला, स्प्रिंगसारखा उलगडत जाणारा एकसंध चिरलेला, वर मीठ. तू म्हणालीस, "बघ, मुळ्याला पाणी सुटायची वाट बघणारी माणसं जगात सगळीकडे आहेत." फार बरं वाटलं होतं मला तेव्हा. तू केलेल्या बावीस पुऱ्यांपैकी मी आठ खाल्ल्या, त्या दोघांनी सहा. आठ परत हॉटेलवर आल्या. तू बोटाने चटणी चाटत बसली होतीस. वहीत: 'शुभा: पुरी नाही. (स्वतः केलेलं स्वतःला जात नाही म्हणे.)'

हे मला पटलं. मलाही स्वतः तळल्यावर जात नाही. तुझी कारणं सगळी अशी होती, घरातली, ओळखीची, शंका येऊ न देणारी.

आता तिसरं. ते मंडळाला कसं लिहावं कळत नाहीये, कारण ते आठवून मला काल इतकं हसू आलं की मी पेन खाली ठेवलं, आणि हसल्याबद्दल स्वतःचाही राग आला. तो मोठा बिअरहॉल, बँड वाजतोय, कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. वेटर सहा ग्लास हातात घेऊन आला आणि माझ्याकडे वाकून म्हणाला, "मास?"

मी ताडकन म्हटलं, "नो मास! नो मास! व्हेजिटेरियन!"

त्याला काही कळेना. त्याने हातातल्या बिअरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मास इज ऑल्सो व्हेजिटेरियन."

"इट कॅनॉट बी," मी म्हटलं.

तू टेबलावर डोकं टेकून हसत होतीस. डोळ्यांतून पाणी यायला लागल्यावर सांगितलंस, "अगं ए मॅडम वेळापत्रक, मास म्हणजे लिटरचा ग्लास! मांस नाही!" वेटरला तू इंग्रजीत समजावलंस तर तो आत जाऊन आणखी दोघांना घेऊन आला, ही ती बाई म्हणून दाखवायला. मंडळाच्या बायकांना मी एवढंच लिहिलंय की लिटरभर बिअर झेपत नसेल तर राडलर मागा, अर्धी बिअर, अर्धं लेमोनेड. आणि 'मास' म्हटलं की घाबरू नका.

त्या दिवशी तू तो अख्खा लिटर संपवलास. शेजारच्यांनी बटाट्याचा मोठा गोळा आणि भाजलेलं मांस मागवलं होतं, तेच तूही मागवलंस आणि सुरीने इकडचं तिकडे करत राहिलीस. मी काय म्हटलं, आठवतं? मला आठवतं. मी म्हटलं, "बिअर बरी उतरते खाली!"

तू हसलीस. ग्लास उचलून मला 'चिअर्स' केलंस.

काल मी नऊच्या नऊ ठिकाणांचा तुझा रकाना एका कागदावर उतरवून काढला. वरून खाली वाचला. सूप चार वेळा, संपलं. आइसक्रीम दोनदा, संपलं. बिअर तीनदा, संपली. सॉसेज, पुरी, बटाट्याचा गोळा, सूपमधल्या पट्ट्या, तो तुकडे केलेला पॅनकेक, ज्याच्याबरोबरचा आलुबुखाराचा रस तेवढा तू चमच्याने खाल्लास: शिल्लक, शिल्लक, शिल्लक. पातळ ते संपलं, घट्ट ते राहिलं. शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. सगळा हिशेब माझ्या हातचा, आणि मी एकदाही बेरीज केली नाही.

आणि तू? शाळेच्या किचनमध्ये एकवीस वर्षं जेवण वाढणारी तू? रोज तीनशे मुलं तुझ्यासमोरून ताट घेऊन जायची आणि त्यातलं एखादं जेवत नाहीये हे तुला तीन टेबलांवरून कळायचं. त्या पोलिश मुलीचं दातांचं दुखणं तिच्या आईच्या आधी तू ओळखलंस. तुला स्वतःचं ताट दिसलं नाही असं मला सांगू नकोस. तुला दिसत होतं.

सप्टेंबरमध्ये वॉर्डात मी तुला हेच विचारलं होतं. तुझ्या अन्ननलिकेत नळी बसवून दोन दिवस झाले होते, आवाज घोगरा होता. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"म्युनिकला. सूप पिताना."

"नाही सांगितलंस, शुभा. असलं काही मी विसरेन का?"

"मी तुला मराठीत सांगितलं होतं, माधुरी. साध्या मराठीत."

तेवढ्यात नर्स आली, पडदा ओढला, आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले. पुढे पाच महिने आपण दोघींनीही तो विषय काढला नाही. मला वाटत होतं तू चुकतेयस. औषधांनी डोकं जड झालंय, म्हणून बोलतेस. मी तुला मनातल्या मनात माफही करून टाकलं होतं, एवढी मी शहाणी.

काल सातवं ठिकाण काढलं. सोमवार, एक पाच. नदीच्या अलीकडच्या गल्लीतली ती लहानशी खानावळ, ज्यात दारालगतचं टेबल रोजच्या गिऱ्हाइकांसाठी राखीव असतं आणि तिथे पाटी न वाचता बसायचं नसतं. यादीत मी तिला नऊ गुण दिलेत. चीजच्या शेवया, वर कुरकुरीत तळलेला कांदा, मी आयुष्यात इतकं चांगलं शाकाहारी गोरं जेवण खाल्लं नव्हतं. तुझ्यापुढे पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं सूप होतं. सूपचं पाणी पिऊन पट्ट्या तू वाडग्याच्या काठाला लावून ठेवल्या होत्यास. माझा संयम सुटला होता. मी म्हटलं, "मग मी ही ठिकाणं कशाला शोधत बसले तीन महिने?"

"तू वेळापत्रक खा," तू म्हणालीस.

मग तू चमचा खाली ठेवलास. वहीत ते असं आहे, शब्द न बदलता: 'शुभा: सूप, पट्ट्या शिल्लक. घास उतरत नाही म्हणाली. (ईशाची काळजी.)'

घास उतरत नाही म्हणाली.

तुझ्या लेकीचं, ईशाचं, तेव्हा नुकतंच ठरलेलं लग्न मोडलं होतं, हॉल ठरलेला असताना. तू जानेवारीपासून त्याच्यात होतीस. मग दुसरं काय समजायचं मी? आपल्याकडे घास कधी घशामुळे अडकतो का? माझी आई गेली आणि मला सांगलीला वेळेत पोचता आलं नाही, तेव्हा तू पिठलंभात घेऊन आली होतीस. घास उतरत नाही असं मी म्हटलं तर तू मला डॉक्टरकडे नेलं नाहीस. माझ्या पाठीवर हात ठेवून बसलीस, भात गार झाल्यावर पुन्हा गरम केलास, आणि अकरा दिवस रोज आलीस. तेव्हा त्या वाक्याचा अर्थ काय, हे मी तुझ्याकडूनच शिकले होते. म्हणून म्युनिकला मी तुझ्या हातावर हात ठेवला आणि मोठ्या समजूतदारपणे म्हटलं, "ईशाचा विचार सोड आता. एकतीस वर्षांची आहे ती, बघेल तिचं ती."

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "हो. ते पण आहे."

'ते पण.' पण म्हणजे आणखी काहीतरी. मी त्या 'पण'वरून सरळ पुढे निघून गेले आणि बिल मागितलं.

तेव्हा ठीक आहे. तू सांगितलं होतंस, मी हरले. वॉर्डातलं ते भांडण तू जिंकलंस, लेखी पुराव्यासकट. पण माझा राग कमी झालेला नाही. मी चुकले ते चुकले, तू एकदाच का सांगितलंस? मला ओळखत नव्हतीस? मी आकड्यांची बाई आहे. एखादा आकडा एकदा वेगळा आला तर मी म्हणते, कोणाची तरी नोंद चुकली. दुसऱ्यांदा आला की बस थांबवून बघते. बावीस वर्षं तू मला पाहिलंस. तुला दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. घसा धरून सांगायचं. माझ्या शेवयांच्या ताटलीवर थुंकून दाखवायचं. 'मूर्ख बाई, मी मनाचं बोलत नाहीये' असं म्हणायचं. एरवी किती सहज म्हणायचीस मला मूर्ख.

आणि जीपीला, आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, काय सांगितलंस? 'ॲसिडिटी.' हे मला ईशाने परवा सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आई फोनवर फक्त ॲसिडिटी बोलली. शी नेव्हर सेड की खाणा अडकते." तिचं मराठी तुला माहीतच आहे, पण त्या पोरीने एका मोडक्या वाक्यात जे म्हटलं ते तुला दोन भाषांत म्हणता आलं नाही. ॲसिडिटी! आपल्याकडे पोटात काहीही झालं की ॲसिडिटी. डोकं दुखलं तरी ॲसिडिटी. फोनवरच्या त्या डॉक्टरने जे ऐकलं त्याच्या गोळ्या दिल्या, तिची काय चूक? 'फूड गेट्स स्टक' एवढे तीन शब्द. वॉर्डातली नर्स मला म्हणाली होती की हे तीन शब्द ऐकले की पंधरा दिवसांच्या आत कॅन्सरच्या तपासणीला पाठवतात. तू मला मराठीत खरं सांगितलंस, मी त्याची म्हण केली. डॉक्टरला इंग्रजीत सांगितलंस तर स्वतःच खोटं केलंस.

मे ते ऑगस्ट, निदान होईपर्यंत तेरा आठवडे. त्या तेरा आठवड्यांनी फरक पडला असता का, हे मी तुझ्या मोठ्या डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला हे उत्तर चालत नाही. 'नाही' म्हणाले असते तर मी आज झोपले असते. 'हो' म्हणाले असते तर निदान कोणावर किती चिडायचं ते कळलं असतं. आता मी दोघींवर निम्मं निम्मं चिडते, आणि रोज ते निम्मं बदलतं.

यादी पूर्ण केली आहे. नऊच्या नऊ ठिकाणं, नकाशासकट, रविवारी दुकानं बंद असतात तेही लिहिलंय. शेवटी एक ओळ जास्तीची आहे, ती कशासाठी हे त्यांना कळणार नाही: 'बरोबरचं माणूस जेवत नसेल तर कारण एकदा विचारून सोडू नका.' श्रीकांतने वाचली आणि म्हणाला, "खाण्याच्या यादीत हे कशाला?" नवरा आहे म्हणून त्याला दोन वाक्यांत समजावलं. त्याने यादी परत दिली आणि चहा ठेवला.

आज रविवार. दुपारी विनायककडे वरणभात आणि बटाट्याची भाजी घेऊन गेले. तुझा नवरा गेल्या एकोणीस दिवसांत बारीक झालाय, शर्टाची कॉलर मानेपासून सुटलीय. ईशा सिंकपाशी भांडी घासत होती. त्याने चार चमचे भात खाल्ला आणि ताट पुढे सरकवलं.

"राहू दे, माधुरी. घास उतरत नाही."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. "पाणी उतरतं?"

"काय?"

"पाणी प्यायलास की सरळ खाली जातं का? भात अडकतो की पोळी अडकते? किती दिवस झाले?"

मग त्याला कळलं. "मला काही झालेलं नाहीये. ती नाही म्हणून जात नाही जेवण. एवढंही कळत नाही तुला?"

"कळतं. तरी सांग. कुठे अडकतं, हात लावून दाखव."

"मावशी, प्लीज स्टॉप," ईशा म्हणाली. तिने नळ बंद केला होता.

"दाखव, विनायक."

त्याने रागाने हात उचलला आणि छातीवर आपटला, बरोबर मधोमध. "इथे! झालं समाधान?"

नाही झालं, शुभा. त्या जागी हृदयही असतं आणि अन्ननलिकाही असते, आणि बाहेरून मला सांगता येत नाही. उद्या सकाळी आठला जीपीची लाइन उघडते. मी फोन करणार आहे, विनायक माझ्या शेजारी बसलेला असेल आणि ते तीन शब्द तो स्वतः इंग्रजीत म्हणेल. नाही म्हणाला तर मी म्हणेन. निघताना त्याने मला दारापर्यंत सोडलंसुद्धा नाही. आतूनच ओरडला, "उद्या येऊ नकोस!"

मी साडेसातला पोचेन. चिडू दे.